परदेशातल्या वादग्रस्त निवडणुकीचा आपल्याला काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न असा: दुसऱ्या देशात निवडणुकीत घोळ झाला, हरलेला निकालच मानेना, तर त्याचा आपल्या राजकारणावर आणि देशादेशांतल्या संबंधांवर खरंच परिणाम होतो, की ती नुसती टीव्हीवरची करमणूक?

होतो. निषेधाची निवेदनं, निर्बंध वगैरे दिसतात ते वरवरचं. ज्या राज्यकर्त्याला घरच्या मतपेटीतून निर्विवाद कौल मिळालेला नाही, त्याला आपली खुर्ची दुसऱ्या कुठून तरी पक्की करून घ्यावी लागते. मग एक तर तो जगाशी ताठ वागतो, नाहीतर कुणाच्या तरी ओंजळीने पाणी पितो.

ताठपणा बघायला आम्हा गोंयकारांना लांब जायला नको. 8 जून 1958 ला पोर्तुगालमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा इथे त्यांचंच राज्य होतं. तिथला हुकूमशहा पंतप्रधान सालाझार याचा उमेदवार होता अमेरिकु तोमाश, विरोधात जनरल उंबेर्तु देल्गादु. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं पत्रकारांनी विचारल्यावर देल्गादु म्हणाला, ‘अर्थातच, घरी पाठवणार.’ सभांना तुफान गर्दी झाली. अधिकृत निकालात मात्र त्याला जेमतेम पाव मतं! मोजणीच्या ठिकाणी विरोधकांना उभं राहू देत नसत, तेव्हा त्या आकड्याला काय अर्थ ते तुम्हीच ठरवा. सालाझारने धडा एवढाच घेतला, की 1959 मध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. देल्गादुने ब्राझीलच्या वकिलातीत आसरा घेतला. पुढे 1965 मध्ये सालाझारच्या गुप्त पोलिसांनी त्याला स्पेनच्या हद्दीत ठार मारलं.

गोव्याबाबतचा सालाझारचा हट्ट जुनाच होता. 1955 च्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या या निवडणुकीच्या आधी. पण 1958 नंतर माघारीची वाटच उरली नाही, असं माझं मत. 1961 च्या जानेवारीत देल्गादुच्या साथीदारांनी ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाज पळवून साऱ्या जगाचं लक्ष वेधलं, फेब्रुवारीत अंगोला पेटला, एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्र्याने सालाझारला हटवायचा प्रयत्न केला. अशा वेळी तो गोव्यावर बोलणी करतो कसला? डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यावर चालून येणार तेव्हा शेवटपर्यंत लढायचा हुकूम आला. गव्हर्नर व्हासालु इ सिल्व्हाने तो मानला नाही आणि शरणागती पत्करली, म्हणून पणजी वाचली. पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे कागदावर मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 ला, म्हणजे लिस्बनमध्ये क्रांती होऊन ती राजवट गेल्यावरच.

ओंजळीने पाणी पिणारा म्हणजे बेलारूसचा राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको. 9 ऑगस्ट 2020 च्या निवडणुकीत त्याला सुमारे 80 टक्के मतं दाखवली, लोक रस्त्यावर उतरले, विरोधी उमेदवार त्सिखानोउस्काया यांना लिथुआनियात जावं लागलं. त्याआधी हा गृहस्थ युरोप आणि मॉस्को दोघांनाही खेळवायचा. नंतर मॉस्कोशिवाय त्याला थारा राहिला नाही, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाचं सैन्य त्याच्याच भूमीवरून युक्रेनमध्ये घुसलं. आमचं सावईवेऱ्याला कुळागर आहे. माड-पोफळींना पोटॅश लागतोच, आणि भारत तो जवळपास सगळा बाहेरून आणतो. बेलारूस हा मोठा पुरवठादार. त्याच्या पोटॅशवर निर्बंध आले, लिथुआनियाने फेब्रुवारी 2022 पासून रेल्वेची वाट बंद केली, आणि भारताच्या खरेदीचा टनामागचा भाव 2021 मधल्या 280 डॉलरवरून 590 वर गेला. कारणं इतरही होती, पण बेलारूसच्या राजधानीतल्या, मिन्स्कच्या मतपेटीचा थोडा हिशेब फोंड्याच्या खतदुकानात आम्हीही चुकता केला.

कधी कधी ओंजळ आपलीच असते. बांगलादेशात 2014 मध्ये 300 पैकी 153 जागा बिनविरोध गेल्या. जानेवारी 2024 मध्येही मुख्य विरोधी पक्षाचा बहिष्कार होता. अमेरिका म्हणाली निवडणूक मोकळी आणि न्याय्य नव्हती. दिल्लीने लगेच अभिनंदन केलं. त्याच वर्षी 5 ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना सत्ता सोडून भारतात आल्या आणि तिथला राग आपल्या वाट्यालाही आला. सीमेची सुरक्षा, ईशान्येकडचे रस्ते हे सगळं त्यांच्यामुळे सोपं झालं होतं, हेही खरं. पण विरोधकांशी बोलणं इतकं तोडायला नको होतं.

देशातल्या राजकारणावरचा परिणाम जास्त करून संशयाच्या आयातीचा. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिकोत मतमोजणीच्या यंत्रांनी घोळ घातला, त्यावर इलॉन मस्कने मतदान यंत्रंच बंद करा म्हटलं, आणि आपल्याकडे ईव्हीएमवरून पुन्हा हमरीतुमरी. तिथली यंत्रं कागदी मतपत्रिका वाचणारी, आपली वेगळी, हे बघायला सवड कुणाला? गोव्यात 1999 ला अख्खी विधानसभा ईव्हीएमवर झाली, 2017 ला सगळ्या चाळीस मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र, आलं. शंका घ्यायची तर आपल्या यंत्रावर, आपल्या पुराव्याने घ्या.

आणि वाद झाला म्हणजे संबंध बिघडलेच असंही नव्हे. जानेवारी 2022 च्या पोर्तुगीज निवडणुकीत युरोपातल्या अनिवासी मतदारांची दीड लाखाहून जास्त टपाली मतं ओळखपत्राच्या प्रतीवरून बाद झाली. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात गेलेले आपले गोंयकार याच मतदारसंघात येतात. घटना न्यायालयाने मतदान पुन्हा घ्यायला लावलं, त्यात मडगावच्या घराण्यातले तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कॉस्ता यांचा शपथविधी लांबून 30 मार्चवर गेला. दिल्लीत मात्र कुणाचं अभिनंदन करायचं, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.