गरोदरपणात वार खाली असेल तर बाळाच्या अंगावर लाल डाग येतो का?

संबंध आहे. पण तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या बाळाच्या अंगावर लाल डाग आलाय आणि तिच्या सासरचे म्हणतात, "हिनं ग्रहण पाळलं नाही", त्यासाठी मी लिहायला बसले.

२६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण. मला सातवा महिना. सकाळी मालकांच्या डब्यासाठी चार वांगी चिरली, चुलत सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. फेब्रुवारीत चौतिसाव्या आठवड्यात अंगावरून जायला लागलं, उदगीरहून लातूरला नेलं, सिझर झालं. लेक पावणेदोन किलोची. पंधराव्या दिवशी डाव्या पापणीवर तुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका दिसला. "वांगं चिरलं, तेच उमटलं." बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी हेच सांगितलं. मी लेकराच्या तोंडावर पदर धरून बसायचे.

महिन्याभरात ठिपक्याचं पिकलेलं बोर झालं, डोळा अर्धाच उघडायचा. जवळच्या डॉक्टरांनी "जाईल आपोआप" म्हणून परत पाठवलं. लॉकडाऊनमध्ये पास काढून लातूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "वार कुठं होती?" मी फाईल काढली. नोव्हेंबरच्या सोनोग्राफीत लिहिलेलं होतं, वार पिशवीच्या तोंडावर. ग्रहणाच्या दीड महिना आधी! तो कागद अजून जपून ठेवलाय.

या गाठीला हिमॅन्जिओमा म्हणतात. तिच्या रक्तवाहिन्यांवर ग्लुट-१ नावाचं प्रथिन असतं. तेच वारेतल्या रक्तवाहिन्यांवरही असतं, साध्या कातडीतल्या वाहिन्यांवर नसतं. वार खाली असणं, गरोदरपणात बीपी वाढणं, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असणं, मुलगी असणं, यात ती जास्त दिसते. माझ्या लेकीत बीपी सोडून सगळंच होतं.

गाठ पहिल्या पाच महिन्यांत भराभर वाढते, वर्षानंतर हळूहळू ओसरते. म्हणून "आपोआप जाईल" हे खोटं नाही, पण डोळा, नाक, ओठ, हनुवटी इथं थांबायचं नाही. पापणी डोळ्यावर आली तर नजर कायमची अधू होऊ शकते. लेकीला प्रोप्रॅनोलॉल दिलं. हे हृदयाचं औषध, गाठीवर चालतं हे फ्रान्सच्या बोर्डोतल्या डॉक्टरांना २००८ मध्ये कळलं. नाडी तपासून सुरू करतात आणि दूध पाजूनच द्यायचं, उपाशीपोटी साखर उतरते. आठ दिवसांत लाली मावळायला लागली.

हां, वार खाली असलेल्या बहुतेक बाळांना काहीच होत नाही, आणि वार ठीक असूनही गाठ येते. जन्मापासून असलेला सपाट जांभळट-लाल डाग किंवा पाठीवरचे निळे डाग ही वेगळी गोष्ट, त्यांचा वारेशी संबंध नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि बहिणीची फाईल काढा. सोनोग्राफीची तारीख बघा, ग्रहणाची बघा, दोन्ही तिच्या सासूबाईंपुढे ठेवा. ओली बाळंतीण भांडत नसते, हे तुम्हालाच करावं लागेल. माझ्यासाठी कुणी केलं नाही.