मेंटेनन्सची अप्रेंटिसशिप : नुसते पाने देत बसायचं का?

तुझं पत्र वाचलं. वीज प्रकल्पात मेकॅनिकल मेंटेनन्सची अप्रेंटिसशिप मिळालीये, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय, पण मित्र सगळे डिग्रीला गेले म्हणून तुला वाटतंय की आपण वर्षानुवर्षं नुसते पाने, म्हणजे स्पॅनर, दुसऱ्याच्या हातात देत बसणार. आणि आईचं टेन्शन वेगळंच, की काम धोक्याचं आहे. आधी आईचं बोलतो, ते जास्त महत्त्वाचं.

धोका आहे, खोटं कशाला सांगू. पण चालू मशीनपासून माणूस आपोआप लांब राहतो, बंद दिसणाऱ्या मशीनला मात्र बिनधास्त हात घालतो, आणि लाइनमध्ये प्रेशर अडकलेलं असतं किंवा कंट्रोल रूममधून कुणीतरी स्टार्ट देतं. म्हणून कामाआधी सप्लाय तोडून ब्रेकरला कुलूप घालतात, टॅग लावतात, किल्ली ज्याची त्याच्या खिशात, व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर सोडतात आणि मग स्टार्ट बटन दाबून बघतात खरंच बंद आहे का. हे दाबून बघणं कधीच सोडू नको, सीनियर म्हणाला "अरे मी आत्ताच बघितलंय" तरी नाही.

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला, १६७ माणसं गेली. चौकशीत पुढे आलं ते असं, की एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह मेंटेनन्ससाठी काढला होता, तिथं नुसती झाकणासारखी प्लेट लावली होती, काम त्या दिवशी पुरं झालं नाही आणि रात्रीच्या शिफ्टला व्हॉल्व्ह जागेवर नाही हे कळलंच नाही, दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला आणि गॅस सुटला. परमिट, म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी, आणि पुढच्या शिफ्टला चार्ज देणं याला कुणी कागदी काम म्हणालं ना, तर हे आठव. आणि परमिट नसताना हात लावणार नाही असं म्हणायला पहिल्या दिवसापासून लाजू नको, आईला पण हेच सांग.

आता पान्यांचं. पहिले काही महिने साफसफाई, ग्रीसिंग, गास्केट (जोडात गळती होऊ नये म्हणून घालायची चकती) कापणं, हे होणारच. पण समोरच्याने मागायच्या आधी तुला कळायला लागलं की आता कोणता पाना लागणार, की समज काम डोक्यात शिरतंय.

अलाइनमेंटचंच बघ. मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणायला डायल गेज लावतात, त्यावरचं एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. मोटरच्या चार पायांपैकी एखादा बेसवर नीट टेकलेला नसला, तर त्याचा बोल्ट ढिला केला की गेजचा काटा हलतो, मग तिथं शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, घालायची. ते न बघता बोल्ट तसाच कसला तर मोटरची बॉडी पिळते, व्हायब्रेशन वाढतं, आणि मिनिटाला जवळजवळ ३००० फेरे मारणाऱ्या मशीनचं बेअरिंग लवकरच जातं. नवीन टाकतात, तेही जातं. खरं कारण त्या हललेल्या काट्यात होतं, म्हणून अलाइनमेंट असेल त्या दिवशी मागे उभा राहू नको, मला गेज वाचू द्या म्हणून मागून घे. आणि रीडिंग रोज वहीत लिही, आधीचं आणि नंतरचं दोन्ही.

डिग्री नंतरही करता येते, फक्त गणित आणि ड्रॉइंग वाचणं सुटू देऊ नको. मात्र उष्णता, आवाज, नाइट शिफ्ट हे अजिबात झेपणार नसेल तर आत्ताच विचार कर.

सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारून घे. शेवटी सर्टिफिकेट कोणतं मिळणार आणि ते दुसरीकडे चालतं का, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनला काही महिने फिरवणार का, आणि मोठ्या शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवतात तेव्हा, तुला सोबत घेणार का. हे तिसरं तर नक्कीच विचार, कारण टर्बाइन एरवी वर्षानुवर्षं झाकलेलाच असतो, वरचं केसिंग उचलतात तेव्हाच आतली पाती बघायला मिळतात. उत्तरं गोलमोल आली तर सहीची घाई करू नको, मला परत लिही.