केस, नाक आणि बोटांची पेरे

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. विरळ केसांच्या तक्रारीसाठी आणलेल्या मुलीच्या लोहाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या नॉर्मल आल्या, आता पुढे काय, असे तू विचारले आहेस. केस जरा बाजूला ठेव आणि तिचा चेहरा नीट पाहा. शेंड्याशी गोल, फुगीर नाक, त्याखाली ओठापर्यंतचा लांब, सपाट भाग, पातळ वरचा ओठ आणि बाहेरच्या टोकाला विरळ होत गेलेल्या भुवया एकत्र आढळल्या, तर ट्रायकोरायनोफॅलेंजियल सिंड्रोमची, म्हणजे केस, नाक आणि बोटांच्या हाडांवर परिणाम करणाऱ्या जनुकीय विकाराची, शंका घ्यायलाच हवी.

मग तिला दोन्ही हात टेबलावर पसरायला सांग. मधल्या सांध्यांशी जाड झालेली, किंचित तिरकी बोटे दिसली, तर हातांचा एक्स-रे काढ. पेरांच्या टोकाशी असलेले एपिफिसिस (हाडांचे वाढते टोकाचे भाग) शंकूसारखे होऊन लगतच्या हाडात रुतलेले दिसतात. १९६६ मध्ये या विकाराचे वर्णन आंद्रेआस गिडिऑन या रेडिऑलॉजिस्टने केले, यात मला तरी नवल वाटत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत ही खूण बहुधा उमटत नाही, म्हणून तान्ह्या बाळाच्या निर्दोष एक्स-रेवरून निदान खोडू नये.

दोष आठव्या गुणसूत्रावरील टीआरपीएस१ या जनुकात असतो आणि तो आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला असू शकतो, कधी नव्यानेही उद्भवतो. एकाच घरात त्याची तीव्रता फार वेगवेगळी असते, त्यामुळे ‘आमच्याकडे केस असेच’ म्हणणाऱ्या वडिलांचेही हात पाहा. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, हे त्यांना शांतपणे, दोषाचा सूर न लावता सांग. मुलीच्या गुडघ्यांभोवती हाडाच्या कठीण गाठी हाताला लागल्या, तर टीआरपीएस१ शेजारचे ईएक्सटी१ जनुकही गमावलेला या सिंड्रोमचा दुसरा प्रकार असू शकतो. त्यात बौद्धिक विकास अनेकदा मागे पडतो, पहिल्या प्रकारात बुद्धी सहसा सामान्य असते.

तेले आणि टॉनिके यांनी हे केस दाट होणार नाहीत, हे पालकांना स्पष्ट सांगितलेस तर त्यांचा बराच खर्च वाचेल. खरी काळजी खुब्याची आहे. तिथे पर्थीस रोगासारखे (रक्तपुरवठा कमी पडून मांडीच्या हाडाचा गोल खराब होण्याचे) बदल होऊन पुढे अकाली संधिवात जडू शकतो, म्हणून लंगडणे किंवा मांडीतले दुखणे ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नकोस. उंचीची नोंद प्रत्येक भेटीत कर, जनुकीय समुपदेशकाची वेळ घे, आणि पालकांची परवानगी असेल तर हातांच्या एक्स-रेची प्रत मला पाठव.

तुझे सर