गिझर, तुंबलेली नाली आणि 24 तासांत खत : हॉटेलचालकांचे प्रश्न

हॉटेल पर्यावरणपूरक करायचं म्हटलं की बहुतेकांची सुरुवात बांबूच्या ब्रशपासून होते. या वेळी इंदूरच्या वाचकांनी मात्र नेमक्या दुखऱ्या जागा विचारल्या आहेत, म्हणून उत्तरंही जरा हिशेबाची.

प्रश्न : सरवटे बसस्थानकाजवळ आमचा 24 खोल्यांचा लॉज आहे. प्रत्येक खोलीत 25 लिटरचा गिझर आहे. सोलर लावावं की हीट पंप?

आधी गरज मोजा. 70 टक्के खोल्या भरल्या तर 17 खोल्या, म्हणजे 34 माणसं. माणशी 60 अंशांचं 30 लिटर पाणी धरा. थंड पाणी मिसळून ते आंघोळीपुरतं 60 लिटर होतं. एकूण रोजचे हजार लिटर. हिवाळ्यात टाकीतलं पाणी 20 अंशांवर असेल, तर ते 60 वर न्यायला 46-47 युनिट लागतात. गिझर एवढी वीज खातोच, शिवाय दिवसभर चालू राहिला तर नुसतं पाणी गरम ठेवण्यात प्रत्येकी अर्धा ते एक युनिट जातं. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम करतो. म्हणजे तेच पाणी 15-16 युनिटांत. आपल्या बिलावरच्या दराने फरक गुणून पाहा.

सोलरला वीज त्याहून कमी, पण सपाट कलेक्टर (उन्हात पाणी तापवणाऱ्या पेट्या) घेतले तर 100 लिटरमागे 2 चौरस मीटर लागतात. हजार लिटरला 20 चौरस मीटर, शिवाय ओळींमधली मोकळी जागा. बसस्थानकाच्या आसपास शेजारची इमारत उंच असेल, तर डिसेंबरची तिरपी उन्हं तिच्या सावलीतच जातात. गच्ची मोकळी असेल तर कलेक्टर दक्षिणेला तोंड करून 35 अंशांच्या आसपास कलते ठेवा. इंदूरचा अक्षांश 22.7 असला, तरी गरम पाण्याची खरी मागणी हिवाळ्यात असते. श्रावणात मात्र बॅकअप हीटर लागणारच. गच्ची लहान असेल तर आम्ही हीट पंपच सुचवू.

हीट पंप घेताना 10 किलोवॉट उष्णता देणारा पुरतो. तो पावणेपाच-पाच तास चालेल. टायमर दुपारी 1 चा लावा, पहाटेचा नको. दुपारची हवा गरम असते, त्यामुळे तेवढ्याच कामाला वीज कमी लागते. टाकीला 50 मिलिमीटर पफचं (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) आवरण असेल तर सकाळी 6 पर्यंत पाणी काहीच अंश उतरतं. यंत्र थंड हवा बाहेर फेकतं. ते बंद खोलीत कोंबलं तर स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढतं आणि बिल पुन्हा चढतं. झोपायच्या खोलीच्या छपरावरही ठेवू नका, आवाज खाली उतरतो.

आता जे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही ते. टाकीपासून शेवटच्या खोलीपर्यंत 30 मीटर पाइप असेल आणि त्याचा आतला व्यास 25 मिलिमीटर असेल, तर त्यात 15 लिटर गार झालेलं पाणी अडकतं. पाहुणा ते सोडून देतो, गरम यायची वाट पाहतो आणि वर तक्रार करतो. म्हणून रिटर्न लाइन (ते पाणी टाकीकडे परत नेणारा पाइप) आणि लहान फिरता पंप हवा. त्याला थर्मोस्टॅट आणि सकाळ-संध्याकाळचा टायमर लावा, नाहीतर तो रात्रभर पाइपच गरम करत बसेल. दोन्ही पाइपांवर आवरण हवं. टाकी 60 अंशांवर ठेवा. 45 वर ठेवून वीज वाचवणं धोक्याचं आहे, कारण कोमट टाकीत लीजिओनेला जिवाणू वाढतात.

बोअरिंगचं पाणी वापरत असाल तर आधी कठीणपणा तपासून घ्या. गरम होताना क्षार बसतात आणि उष्णता पाण्यात जायला अडते. नळाने येणारं नर्मदेचं पाणी आणि बोअरिंगचं पाणी यांच्या टाक्या वेगळ्या ठेवता आल्या, तर गरम पाण्याला नर्मदेचंच द्या.

प्रश्न : नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी) लावले, तर वरच्या मजल्यावरचे पाहुणे धार लागत नाही म्हणतात.

त्यांचं खरं आहे. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा 3 मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम 0.3 बार. पाणी वाचवणारे बहुतेक शॉवर 1 बारच्या आसपास नीट चालतात. वरच्या मजल्यावर साधाच शॉवर ठेवा, किंवा त्या मजल्यापुरता प्रेशर पंप लावा. खालच्या मजल्यांवर आधी मोजा : 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली तर मिनिटाला 15 लिटर, म्हणजे वाचवायला जागा आहे. वॉशबेसिनला मिनिटाला 3 ते 4 लिटर पुरतात, पण बादली भरायच्या नळाला एरेटर लावू नका. बादलीला लागणारं पाणी तेवढंच लागतं, फक्त वेळ वाढतो. धार महिन्या-दोन महिन्यांत बारीक झाली तर जाळीत क्षार आहेत. ती काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा.

प्रश्न : “टॉवेल पुन्हा वापरा” अशी पाटी लावली, तरी धुणं कमी झालं नाही.

पाटी पाहुणा वाचतो, खोली आवरणारा वाचत नाही. त्याला सवयीने सगळं गोळा करायचं असतं. त्याच्या यादीतच लिहा : खुंटीवरचा टॉवेल ठेवायचा, जमिनीवरचा न्यायचा. आणि बाथरूममध्ये खुंट्या दोन हव्यात, नाहीतर ओला टॉवेल टाकायचा कुठे?

प्रश्न : आमच्या हॉटेलात रोज 100-120 किलो ओला कचरा निघतो. 24 तासांत खत करणारं मशीन घ्यावं का? शिवाय किचनची नाली सारखी तुंबते.

ते मशीन कचरा तापवून वाळवतं. शिळ्या अन्नात 75 टक्के पाणी धरलं, तर 100 किलोंतून 75 किलो पाणी उडवायला निदान 50 युनिट लागतात. बाहेर येतो तो वाळलेला भुगा, खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिलं की तो आंबतो आणि वास मारतो. रोज 100 किलोंहून जास्त कचरा करणारा घनकचऱ्याच्या नियमांनुसार मोठा कचरा-उत्पादक ठरतो, त्यामुळे विल्हेवाटीची जबाबदारी टाळता येत नाही. पण इंदूरला देवगुराडियात फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला रोज 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा) प्रकल्प असताना ओला कचरा स्वच्छ वेगळा करून तिकडे जाऊ देणं हेच शहाणपणाचं. स्वच्छ म्हणजे त्यात सॉसची पाकिटं, टूथपिक, चमचे नकोत. हाडं घालायची की नाही, ते गाडीवाल्याला विचारून ठरवा. कचरा कमी करायचा तर नाश्त्याचे पोहे एकदम न करता थोडेथोडे करा. उरलेल्या पोह्यांना कोणी हात लावत नाही.

नाली तुंबते ती तेलाने. भांडी घासायच्या सिंकमधून मिनिटाला 20 लिटर पाणी जात असेल, तर तेल वर तरंगायला 20 मिनिटांचा मुक्काम हवा, म्हणजे 400 लिटरचा ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी टाकी). बाजारातला सिंकखालचा छोटा डबा घाईच्या वेळी पुरत नाही. उकळतं पाणी ओतून नाली मोकळी करणं तर उलटंच : तेल वितळतं आणि पुढे गार पाइपात जाऊन गोठतं. आठवड्याला काठी बुडवून पाहा. वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ मिळून ट्रॅपमधल्या पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शावर गेले की उपसा. ताटं धुण्याआधी रबरी खरवडणीने पुसली तर निम्मं काम तिथेच होतं.

तळणीचं तेल वेगळं ठेवा. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून बनणारे घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही. हातात धरायचं मीटर मिळतं. ते थेट गरम तेलात बुडवतात. वापरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्या, त्याचं बायोडिझेल होतं. हातगाडीवाल्याला स्वस्तात विकलं तर ते पुन्हा कढईतच जातं.

प्रश्न : “बायोडिग्रेडेबल” चमचे आणि पिशव्या घेतल्या तर चालतील?

प्लास्टिकचे चमचे, प्लेटा, कप, स्ट्रॉ 1 जुलै 2022 पासून बंदच आहेत. कंपोस्टेबल प्लास्टिक म्हणून जे विकतात, त्यावर आयएस 17088 हे भारतीय मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. आणि ते बागेतल्या खड्ड्यात विरघळेल अशी आशा धरू नका, त्याला औद्योगिक कंपोस्टिंगची उष्णता लागते. मेजावर वाढत असाल तर स्टीलचा चमचा घ्या.