ईझलवर चित्र काढताना उभे राहावे की बसावे?

ईझलवर (चित्र टेकवायच्या उभ्या चौकटीवर) मोठे चित्र, विशेषतः तैलरंगातील व्यक्तिचित्र, करताना शक्यतो उभे राहावे. हाफ इंपीरिअल (सुमारे 15 × 22 इंच) कागदाहून लहान किंवा बारीक कामाच्या चित्राला मात्र बसणेच सोयीचे. उभे राहण्याचा खरा फायदा हातापेक्षा डोळ्याला होतो, कारण दर काही फटकाऱ्यांनंतर चार-सहा पावले मागे जाऊन चित्र आणि समोरचा विषय एकाच नजरेत पाहता येतात आणि जवळून न जाणवलेली प्रमाणातली चूक तिथून लगेच उघडी पडते. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट व्यक्तिचित्रे रंगवताना असाच सतत पुढे-मागे चालत असे. शिवाय हात खांद्यापासून मोकळा फिरल्याने रेषा लांब आणि सलग येते. बसल्यावर (कलाशाळेतल्या डाँकीवर, म्हणजे पुढे बोर्ड टेकवायची सोय असलेल्या बाकावर, तर हमखास) ती मनगटात अडकते. पाठीचा किंवा गुडघ्यांचा त्रास असल्यास मात्र उभे राहण्याचा हट्ट धरू नये. संधिवाताने बोटे आखडलेला फ्रेंच चित्रकार ऑग्युस्त रेन्वार अखेरची वर्षे चाकांच्या खुर्चीत बसूनच रंगवत होता. अशा वेळी उंच स्टूल घ्यावे, बोर्ड जवळजवळ उभा ठेवावा आणि दर 15-20 मिनिटांनी उठून चित्र लांबून पाहावे.