बाळाचा दीड महिन्याचा डोस माहेरी महाराष्ट्रात झाला, मधला एक चुकला. पुढचे कर्नाटकात घेता येतील का?

येतील. आणि पहिल्यापासून काहीच सुरू करावं लागणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: बाळंतपण गडहिंग्लजला माहेरी, जन्माच्या आणि दीड महिन्याच्या लशी तिथेच. मग सासरी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आलात आणि अडीच महिन्यांची लस राहून गेली. बाळ आता सव्वाचार महिन्यांचं. कार्ड मराठीतलं, शिवाय बाळाला सर्दी, आणि सासूबाईंचं म्हणणं, "सर्दी असताना सुई कशाला टोचतासा?"

मी याच पट्ट्यात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त. चंदगड, आजरा, गडहिंग्लज माहेर आणि बेळगाव, खानापूर, निपाणी सासर, अशा सुना आमच्याकडे कायम यायच्या. प्रत्येकीच्या हातात एकीकडचं कार्ड आणि मनात हाच प्रश्न.

लसीकरणाचं वेळापत्रक राज्याचं नसतं, देशाचं असतं. हा कार्यक्रम 1985 पासून देशभर चालतो. गडहिंग्लजला दीड महिन्याला जे दिलं तेच इथेही दीड महिन्याला देतात. फरक पडतो तो मुख्यतः जपानी मेंदूज्वराच्या लशीत. ती ज्या जिल्ह्यांत त्या आजाराचा धोका जास्त तिथेच देतात, त्यामुळे तुमच्या नणंदेच्या बाळाला मिळाली आणि तुमच्या बाळाला नाही असं होऊ शकतं. त्याने घाबरून जाऊ नका, नऊ महिन्यांच्या वेळी सिस्टरना विचारा.

आता चुकलेल्या डोसबद्दल. शरीर पहिला डोस विसरत नाही. मध्ये दोन महिने जास्त गेले म्हणून तो वाया गेला असं होत नाही, पुढचा डोस तिथूनच पुढे मोजतात. म्हणजे आता गेलात की पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरस यांचा दुसरा डोस, आणि कमीत कमी चार आठवड्यांनी तिसरा. न्यूमोनियाची पीसीव्ही आणि पोलिओचं हाताच्या कातडीत देतात ते इंजेक्शन, यांचे दुसरे डोस पहिल्यानंतर दोन महिन्यांनी असतात. तुमचे तेवढे दिवस उलटून गेलेत, तेव्हा ते याच खेपेला द्यायचे की पुढच्या, हे सिस्टर कार्ड बघून सांगतील. एका दिवशी दोन-तीन सुया म्हणजे बाळावर अत्याचार असं आज्ज्यांना वाटतं खरं. पण त्या एकत्र दिलेल्या चालतात, आणि आईचा एक दिवसाचा रोजगार वाचतो हेही काही कमी नाही.

मात्र विसरत नाही याचा अर्थ अजून महिनाभर थांबलं तरी चालेल, असा काढू नका. एका डोसाचं संरक्षण अर्धवट असतं. पेंटाव्हॅलंटमध्ये पाच आजारांची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, आणि मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारा हिब नावाचा जंतू. यातला डांग्या खोकला सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सगळ्यात वाईट. मोठ्या मुलाला खोकल्याची उबळ येते, तान्ह्या बाळाचा कधीकधी खोकला न येता श्वासच थांबतो. घरात कुणी मोठं माणूस आठवडेच्या आठवडे खोकत असेल तर त्याला आधी दवाखान्यात पाठवा आणि बाळापासून लांब ठेवा.

सर्दीचं उत्तर सोपं आहे. साधी सर्दी, थोडा खोकला, अंग किंचित गरम, एक-दोनदा पातळ शी, यातलं काहीही लस टाळायचं कारण नाही. बाळ कमी वजनाचं असलं तरी नाही. खूप ताप असेल किंवा दवाखान्यात दाखल करण्याइतकं आजारी असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. आधीच्या डोसानंतर झटके आले असतील किंवा अंगावर मोठी रिअ‍ॅक्शन उठली असेल, तर ते सुई भरायच्या आधी सांगायचं. सासूबाईंना एवढंच सांगा की सर्दी संपायची वाट बघत बसलं तर पावसाळ्यात खानापूरकडचं एकही बाळ लशीला येणार नाही.

पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं. हे एक-दोन दिवसांचं. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, ते सिस्टरकडूनच विचारून घ्या. शेजारणीने आपल्या बाळाला दिलं तेवढं नको. मांडीला स्वच्छ ओला गार कपडा लावा. हळद, तेल, शेक, चोळणं काही नको. दूध लगेच पाजता येतं, थेंब दिल्यावरसुद्धा. लस झाली की अर्धा तास तिथेच बसा. एसटी चुकली तर चुकू दे. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, तासन्‌तास न थांबणारं किंचाळून रडणं, झटके, बाळ गळून पडणं, दूध ओढायचं बंद होणं किंवा धाप, यातलं काही दिसलं तर मात्र घरी वाट न बघता दवाखाना.

कार्डाची भाषा हा इथे कधीच अडथळा नव्हता. इकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, तायी (आई) कार्डात आणि तिकडच्या माता-बाल संरक्षण कार्डात लशींचा क्रम तोच, तारखाही आकड्यातच. कानडी सिस्टर मराठी कार्ड बघून पुढचा डोस बिनचूक देतात, आम्हीही उलटं करत होतो. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. माहेरी यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव घातलं असेल तर तिथे दिलेला मोबाइल नंबर सांगा, आधीचे डोस त्यात सापडतात. कार्ड हरवलंच तर माहेरच्या आशाताईला फोन करून तारखा मागवा. इकडच्या आशाताईला बाळाचं नाव आजच द्या, तिच्या यादीत नाव नसलं तर तुम्हाला निरोपच येणार नाही.

एक जुनी गोष्ट सांगते, कारण सीमेवर ती नेहमी वेगळ्या रूपात परत येते. 2017 च्या फेब्रुवारीत कर्नाटकात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, शाळाशाळांत. महाराष्ट्रात तीच मोहीम 2018 च्या नोव्हेंबरात आली. मधल्या काळात चंदगडचे पाहुणे फोन करून विचारायचे, "आमच्याकडं नाही, मग तुमच्याच पोरांना का टोचतात?" व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारू नका काय काय फिरत होतं. टप्प्याटप्प्याने राज्यं घेतली होती, एवढंच कारण. ज्या बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, जिथे ब्रिटिशांच्या काळात देवीची लस तयार व्हायची, तिथल्या माणसांनी तरी लशीला बिचकू नये असं मला वाटायचं. आता त्या मैदानावर लोक सकाळी फिरायला जातात, सभा भरवतात. देवीचा रोग कसा असतो ते त्यातल्या फारच थोड्यांनी पाहिलं असेल. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण 1975 चा.

खासगी दवाखान्यात घ्यायचं का, असंही तुम्ही विचारलंय. ऐपत असेल तर टायफॉइड, कांजिण्या अशा जादा लशी तिथे मिळतात. पण वेळापत्रकातल्या लशींसाठी सरकारी दवाखाना पुरेसा आहे आणि फुकट आहे. मधूनच बदललं तरी चालतं, फक्त कार्ड एकच ठेवा.

तिसरा डोस झाला की पुढचं मोठं काम नऊ महिन्यांना: गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ. त्या दिवशी सकाळी लवकर जा. गोवर-रुबेलाची बाटली एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून देतात. त्यामुळे शेवटी एकटंच बाळ आलं तर सिस्टरही पेचात पडते. मग सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओचे थेंब. पाच वर्षांना डीपीटीचा आणखी एक बूस्टर. मूल चालायला लागलं की आया हे दोन बूस्टर हमखास विसरतात, आणि घटसर्प गाठतो तो अशाच शाळकरी पोरांना. दोन्ही तारखा आत्ताच कार्डावर लिहून घ्या.