शिकारीसाठी चांगला चाकू कसा निवडावा? नुसता हातात घेऊन, बघून चांगला चाकू ओळखता येतो का?

तुम्ही विचारलंय की पहिलाच शिकारी चाकू घ्यायचाय, सात-आठ इंचाचा दणकट घेऊ की छोटा, स्टील कोणतं बघू, आणि चांगला चाकू ओळखायचा कसा. मी बरीच वर्षं चाकू वापरतोय आणि मित्रांचेही चाकू धार लावायला माझ्याकडेच येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. शिकारीला परवानगी कुठे आहे, लायसन्स काय लागतं हे ज्या त्या देशाचे नियम बघून ठरवा, मी इथे फक्त चाकूबद्दल बोलतोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की या चाकूचं काम जनावर पडल्यानंतर सुरू होतं. पोट उघडायचं, आतडी न फोडता बाहेर काढायची, कातडं सोलायचं, सांधे सुटे करायचे, आणि हे सगळं भराभर, कारण आतली उष्णता लवकर बाहेर पडली नाही की मांस खराब व्हायला लागतं. आपण एक जीव घेतलाय, त्यातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही ही आपली जबाबदारी आहे आणि ती याच हत्याराने पार पाडायची असते. हे एकदा पटलं की चाकू निवडणं बरंच सोपं होतं.

माझा पहिला चाकू सात इंची होता, पाठ, म्हणजे धारेच्या उलटी कड, चांगली सहा मिलिमीटर जाड, वर करवतीसारखे दाते, दिसायला जबरदस्त. पहिल्यांदा हरणाचं पोट उघडायला घेतलं तेव्हा पात्याचं टोक आत कुठे जातंय तेच कळेना आणि एका झटक्यात आतडं फुटलं, वास सुटला, बराच चांगला भाग कापून टाकून द्यावा लागला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. सोबत एक वयस्कर काका होते, ते काही बोलले नाहीत, कंबरेचा लहानसा चाकू काढला, धार वरच्या बाजूला केली, डाव्या हाताची दोन बोटं कातड्याखाली घालून त्यांच्या बेचक्यात टोक धरलं आणि कपड्याची चेन उघडावी तसं कातडं आतून उघडत गेले. आतून कापल्यामुळे केस कापले जात नाहीत, केसांत माती-रेती अडकलेली असते आणि तीच धार सगळ्यात लवकर घालवते, हे मला तेव्हा कळलं. काम झाल्यावर एवढंच म्हणाले, "टोक कुठंय ते बोटाला कळलं पाहिजे रे."

म्हणून पात्याची लांबी साडेतीन ते चार इंच, फार तर साडेचार. पाठीची जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर भरपूर झाली. मोठ्या जनावरालाही एवढं पातं पुरतं, कारण सांधा कुऱ्हाडीसारखा तोडायचा नसतो, टोकाने शोधून स्नायूबंध कापले की तो आपोआप सुटतो. आणि हे काही आजचं नाही. 1991 मधे आल्प्सच्या बर्फात ओत्झी सापडला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याचा आणि अॅश लाकडाच्या मुठीचा चाकू होता, मुठीसकट लांबी जेमतेम 13 सेंटिमीटर. सोबत झाडाच्या सालीच्या धाग्यांचं विणलेलं म्यान, आणि धार परत काढायला लाकडात बसवलेला शिंगाचा टोकदार तुकडा. छोटं पातं, चांगलं म्यान आणि धारेची सोय, एवढंच घेऊन तो डोंगरात फिरत होता.

आकारात मी डोळे झाकून ड्रॉप पॉइंट सांगेन, म्हणजे पाठ टोकाकडे हळूच खाली उतरते आणि टोक पात्याच्या मधल्या रेषेजवळ येतं. तर्जनी पाठीवर ठेवली की टोक तुमच्या ताब्यात. हा आकार शिकारी चाकूत रुजवण्याचं बरंचसं श्रेय अमेरिकन कारागीर बॉब लव्हलेस यांना जातं, ते 2010 मधे गेले, पण आज बाजारातले निम्मे शिकारी चाकू बघताना त्यांच्याच रेषा दिसतात असं मला वाटतं. क्लिप पॉइंटचं टोक जास्त बारीक आणि वर उचललेलं असतं, नाजूक कामाला छान पण पोट उघडताना आत टोचायची भीती. पात्याच्या पाठीवर कातडं फाडायला वाकडा हुक असलेले चाकू, ज्याला गट हुक म्हणतात, ते मी घेत नाही, त्यात केस आणि चरबी अडकते आणि त्याला धार लावणं म्हणजे डोकेदुखी. दातेरी धार तर नकोच.

घडीचा की सरळ? सरळ घ्या. 1964 साली आलेला बक 110 हा घडीचा चाकू खरंच सुंदर आहे, पितळी टोकांची लाकडी मूठ, पातं उघडताना येणारा तो टक् आवाज, मला मनापासून आवडतो. पण रक्त आणि चरबी बिजागरीत शिरली की घरी येऊन काडीला कापूस लावून साफ करत बसावं लागतं. सरळ चाकू कोमट पाण्यात धुतला, पुसला, झालं.

आता स्टील, ज्यावर सगळे तासन्‌तास भांडतात. थोडक्यात सांगायचं तर 1095 सारखं साधं कार्बन स्टील धार पटकन घेतं, चिवट असतं, पण ओलं राहिलं की गंजतं. ज्यात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर ते स्टेनलेस, 440सी मधे ते 16 ते 18 टक्के असतं, त्यामुळे दमट हवेत निर्धास्त राहता येतं. एस30व्ही सारख्या पावडर स्टीलमधे, म्हणजे धातूची पूड दाबून केलेल्या स्टीलमधे, व्हॅनेडियम असतं, त्याची धार खूप टिकते, पण तेवढीच ती लावायला अवघड, साध्या दगडावर फार वेळ जातो, हिऱ्याची पूड बसवलेली डायमंड प्लेट बरी पडते. नवीन माणसाने 12सी27 किंवा 420एचसी सारखं साधं स्टेनलेस घ्यावं, जंगलात पाच मिनिटांत धार परत येते.

पण खरं सांगू, स्टीलच्या नावापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय यावर जास्त अवलंबून असतं. आपल्या भाषेत हत्याराला पाणी देणं म्हणतात तेच हे. साधं कार्बन स्टीलचं पातं 800 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून तेलात बुडवतात, तेव्हा ते काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं, मग पुन्हा 200 अंशांच्या आसपास एक-दोन तास ठेवून त्याचा ठिसूळपणा काढतात. शिकारी चाकूचा कडकपणा रॉकवेल सी स्केलवर, म्हणजे पोलादाचा कडकपणा मोजायच्या मापावर, 57 ते 60 च्या मधे असला की मला बरा वाटतो. कारागीर पितळेच्या सळीवर धार तिरकी दाबून बघतात, धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर बसलंय, वाकलेलीच राहिली तर पातं मऊ, आणि टवका उडाला तर ठिसूळ. मी पहिल्यांदा हे भिंगातून बघितलं, पोलादाची केसाएवढी कड वाकते आणि परत येते, तेव्हापासून स्टीलच्या नावांवर वाद घालणं सोडून दिलं.

मूठ मात्र दुकानात नीट तपासा, इथे लोक हमखास फसतात. रक्ताने, चरबीने हात माखलेला असतो आणि अंधार पडत आलेला असतो. गुळगुळीत चमकणारी मूठ त्या वेळी हातातून सटकते. मुठीला तर्जनीपुढे थोडा उठाव हवा म्हणजे बोट धारेवर घसरत नाही, मधे किंचित पोट हवं, आणि डोळे मिटूनही धार कोणत्या बाजूला आहे हे कळलं पाहिजे, म्हणून गोल मूठ नको, लंबगोल हवी. बोटांचे खड्डे पाडलेल्या मुठी मला आवडत नाहीत, चाकू उलटा धरला की ते खड्डे टोचतात, आणि शिकारी चाकू चार वेगवेगळ्या पद्धतींनी धरावा लागतो. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल तर मजबूत, त्याला फुल टँग म्हणतात, मात्र कडाक्याच्या थंडीत ते उघडं लोखंड हाताला झोंबतं, म्हणून उत्तरेकडच्या फिनलंडच्या पुक्को चाकूंत ते लाकडाच्या आत लपवलेलं असतं. मायकार्टा म्हणजे कापड आणि रेझिन दाबून केलेलं मटेरियल, ओलं झाल्यावर उलट जास्त पकड देतं, माझ्या रोजच्या चाकूला तेच आहे.

आता बघून कसा ओळखायचा. चाकू डोळ्यासमोर पाठीच्या रेषेत धरा, बंदुकीचा नेम धरतो तसा. टोक बरोबर मधे आहे का? पातं मुठीजवळ जिथून घासायला सुरुवात झालीये ती रेघ दोन्ही बाजूंना एकाच जागी आहे का? ही रेघ दोन्हीकडे जुळवणं सगळ्यात अवघड काम, आणि तिथेच कारागिराचा हात कळतो. मग मूठ आणि लोखंडाच्या सांध्यावरून नख फिरवा, नख अडकलं की तिथे पाणी शिरणार आणि आतून गंज धरणार. मग दिव्याखाली धार वर करून बघा, जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार बोथट आहे, खऱ्या धारेला उजेड परत पाठवायला जागाच नसते. आणि नक्षीवर भाळू नका. हल्ली दमास्कस म्हणून मिळतात ती पाती दोन प्रकारचं स्टील ठोकून जोडून अॅसिडने नक्षी उठवलेली असतात, दक्षिण भारतातल्या जुन्या वूट्झ पोलादाची लहर ती वेगळी, मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या आतूनच उमटलेली. चांगल्या कारागिराचं नव्या पद्धतीचं दमास्कसही छान असतं, पण त्यात कोणतं स्टील आहे हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर ठेवून द्या.

धार लावायला शिका, नाहीतर सगळं फुकट. दोन्ही बाजूंनी साधारण 20-20 अंशांचा कोन धरा, धारेच्या कडेला परमनंट मार्करने रंगवा आणि दगडावर चार हात फिरवून बघा, शाई कुठली गेली त्यावरून कोन बरोबर आहे का ते लगेच कळतं. एका बाजूने घासत गेलं की दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक खरखर लागते, ती पूर्ण लांबीभर लागली की बाजू बदला, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हलक्या हाताने ओढा. मांसाच्या कामाला मी 1000 ग्रिटच्या दगडावर थांबतो (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), आरशासारखी चकचकीत धार कातड्यावर घसरते असा माझा अनुभव आहे, थोडी खरखरीत चांगली पकडते.

म्यानाबद्दल एकच, चामड्याचं असेल तर घरी आल्यावर चाकू त्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि महिन्याभरात पात्यावर ठिपके येतात. पुसून, खायला चालेल असं मिनरल ऑइल लावून बाहेर ठेवा. कार्बन स्टील असेल तर वापरून वापरून त्यावर निळसर-करडी झाक येते, ती गंज नाही, घासून काढू नका. माझ्या जुन्या चाकूवर ती झाक आहे आणि इतक्या वर्षांच्या धारेने पातं दोनेक मिलिमीटर अरुंद झालंय, अजूनही प्रत्येक वेळी तोच सोबत नेतो.